काँक्रीटच्या पोटातला वारा

शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली १७३२ साली. तिथले दगड आणि विटा सांधल्या आहेत त्या चुन्याने. हा चुना घट्ट कसा होतो, ठाऊक आहे? हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून! आपण उच्छ्वासातून सोडतो तोच हा वायू. जुन्या वाड्याचा तो दोस्तच म्हणायचा.

आपल्या इमारतीच्या स्लॅबशी मात्र तो वैर धरतो. असं का?

स्लॅबच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की आत चुना तयार होतो. त्याच्यामुळे सळ्यांवर एक पातळ थर धरतो. हे त्यांचं चिलखत! पण दगडासारख्या दिसणाऱ्या काँक्रीटला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून तो वायू आत शिरतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. असं होत होत तो सळईपर्यंत पोचला, की चिलखत गेलं. मग ओल लागली की गंज! गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुगतं आणि पोपडे पडतात. जुन्या गॅलरीखाली तांबूस सळ्या पाहिल्यात ना?

समुद्राजवळ मीठही याच छिद्रांतून घुसतं. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, तोच ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. गंज हे त्यामागचं एक कारण होतं.

मग काँक्रीट न फोडता आतलं कसं कळणार? इंजिनीअर त्यावर वाटीसारखं झाकण घट्ट बसवतात आणि पंपाने आतली हवा ओढून घेतात. काँक्रीटमधून झिरपून वाटीत हवा किती वेगाने परत येते, ते यंत्र मोजतं. सावकाश आली तर काँक्रीट पक्कं. भराभर आली तर सळ्यांची काळजी!

छिद्रं कमी ठेवायचा सोपा उपाय म्हणजे पाणी मारणं. ताजं काँक्रीट निदान ७ दिवस ओलं ठेवायचा नियम आहे. कोरड्या उन्हाळ्यात १० दिवस. खांबांना ओलं गोणपाट गुंडाळतात ते यासाठीच. आई-बाबांनो, घराचं काम चालू असेल तर एवढं जरूर पाहा.

करून पाहा : मोठ्यांच्या मदतीने पानाला लावायचा थोडा चुना पाण्यात कालवा. वरचं निवळलेलं पाणी ग्लासात घ्या आणि नळीने हळूच फुंका. ओढू मात्र नका! पाणी दुधाळ होईल. तळाशी बसणारी पांढरी पूड कशाची, ते उद्या वर्गात सांगा.