वाणाची ताकद कोणाच्या मालकीची?

खाद्यतेलाच्या स्वयंपूर्णतेचा घोष करणाऱ्यांचे लक्ष नेहमी दोनच आकड्यांवर असते : पेरा किती वाढला आणि हेक्टरी उतारा किती पडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर केले, तेव्हाही बहुतेक चर्चा याच दोन आकड्यांभोवती फिरली. रोगप्रतिकारक वाण शेतकऱ्याच्या हाती दिले की सरकारचे कर्तव्य संपले, असे त्यामागील गृहीत दिसते. वास्तविक वाणातील प्रतिकारशक्तीचा हिशेब भूजलाप्रमाणे मांडावयास हवा. उपसा बेसुमार झाला की ती आटते, आणि आटते ती सर्वांचीच.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथील कॅनोला या मोहरीवर्गीय पिकाचा हाडवैरी म्हणजे ‘ब्लॅकलेग’ ही बुरशी. १९७०च्या दशकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियातील ही शेती तिने जवळजवळ बुडविली होती. २००० साली ‘सरपास ४००’ हे वाण बाजारात आले. रानटी नातलगाकडून घेतलेल्या एका प्रबळ जनुकामुळे त्यास रोग शिवतच नव्हता. साहजिकच शेतकऱ्यांनी त्याचा पेरा झपाट्याने वाढविला. ही बुरशी मागील हंगामाच्या धसकटांवर जगते, तेथेच तिचे लैंगिक पुनरुत्पादन होते, आणि नव्या जनुकसंयोगाचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. एकच वाण सर्वत्र असल्याने त्याला भेदू शकणाऱ्या मूठभर बीजाणूंना सारे रान मोकळे मिळाले. २००३ मध्ये आयर द्वीपकल्पात हे वाण कोसळले. काही शेतांत नुकसान नव्वद टक्क्यांपर्यंत गेले.

येथे शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे ठरेल. उत्तम वाण पेरणे हे त्याच्यापुरते शहाणपणच होते. बियाणे कंपनीचे गणित तर निराळेच असते : जुने वाण पडले की नवे विकता येते. म्हणजे प्रतिकारशक्ती टिकविण्यात बाजारातील कोणाचाच रोकडा लाभ नाही. अशा वस्तूची राखण सामूहिक यंत्रणेनेच करावी लागते, हे अर्थशास्त्रातील जुने सत्य आहे.

तेथे नेमके तेच झाले. धान्योत्पादकांवरील उपकर आणि सरकारी अनुदान यांवर चालणाऱ्या संशोधन महामंडळाच्या पाठबळाने वाणांचे जनुकांनुसार गट पाडले गेले. कोणते वाण कोणत्या गटाचे, हे जाहीर होते. गट आलटून पालटून पेरावा आणि गतवर्षीच्या धसकटांपासून अंतर राखावे, असा सल्ला दिला जातो. ठिकठिकाणी या गटांची शेजारीशेजारी लागवड करून कोठे कोणता गट ढासळू लागला आहे, ते पाहिले जाते. २०१२च्या पेरणीपूर्वी आयर द्वीपकल्पातच अशी सूचना वेळेवर मिळाली. शेतकऱ्यांनी वाण बदलले आणि अरिष्ट टळले.

आता भुईमुगाकडे पाहावे. जळगावचे ‘फुले प्रगती’ अर्थात ‘जेएल २४’ लवकर येणारे व लोकप्रिय, पण टिक्का व तांबेरा यांस बळी पडणारे. पुढे धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘जीपीबीडी ४’ दिले. त्यातील प्रतिकार दक्षिण अमेरिकेतील ‘अरॅकिस कार्डेनासी’ या रानटी जातीकडून आलेला आहे, आणि आज नव्या वाणांत घातला जाणारा प्रतिकारही पुष्कळसा त्याच एका उगमाचा आहे. भुईमुगाचा तांबेरा मुख्यतः अलैंगिक बीजाणूंनीच फैलावतो, म्हणून तो ब्लॅकलेगइतका चपळ नाही, हे खरे. तथापि येथे अडचण दुसऱ्याच ठिकाणी आहे. भुईमुगाला हेक्टरी शंभर किलोंहून अधिक बियाणे लागते आणि ते सावकाश वाढते. खासगी कंपन्यांना त्यात रस नाही. शेतकरी घरचेच बी वर्षानुवर्षे वापरतो. उद्या प्रतिकार ढळला तर नवे वाण गावोगाव पोहोचण्यास कित्येक हंगाम जातील, आणि मधल्या काळातील बुरशीनाशकाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी बसेल.

म्हणून अभियानाच्या पैशातून आधी तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पिशवीवर वाणातील प्रतिकाराचा उगम छापावा. एका जिल्ह्यात एकाच वाणाला अनुदान देण्याचा सोपा मार्ग प्रशासनाने सोडावा. आणि कृषी विद्यापीठांतील रोगशास्त्रज्ञांची रिक्त पदे भरून दर खरिपात टिक्का-तांबेऱ्याची पाहणी व्हावी, तिचा निष्कर्ष पुढील पेरणीपूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.