नीटच्या आधी एक दिवस गोठ्यात

नीटचे गुण आले की आधी एमबीबीएस, मग बीडीएस आणि काहीच जमलं नाही तर पशुवैद्यक, अशी उतरंड घरोघरी ठरलेली असते. पशुवैद्यकाचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम निवडणाऱ्याने त्याआधी गोठा पाहिलेला असतोच असं नाही.

दहावी-अकरावीतल्या मुलांना एक दिवस पशुवैद्यकाबरोबर फिरू द्यावं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाय गाभण आहे का, हे चाचपणारे डॉक्टर त्यांना दिसतील. व्यायल्यावर कॅल्शियम घटून आडवी पडलेली म्हैस दिसेल. शिरेतून कॅल्शियम सोडताना डॉक्टरांचा कान तिच्या हृदयाच्या ठोक्यांवर असतो. घाई केली तर जनावर दगावू शकतं.

रोगी मुका, मालक मात्र भरपूर बोलतो. खर्चाचं गणितही त्याच्याशीच जुळवायचं!

हे पाहून एखादीने बेत बदलला, तर बिघडलं कुठे? मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा एका दिवसासाठी शाळांनी तिथे विचारून तरी पाहावं. रेबीजचा संशय असलेल्या कुत्र्यापासून मात्र मुलांना लांबच ठेवावं.