आईच्या पंच्याहत्तरीस संगणक

मुळशी तालुक्यातील चांदे येथून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. नांदे-चांदे अशी ज्यांची नावे जोडीनेच घेतली जातात, ती ही गावे हिंजवडीच्या संगणकनगरीपासून फार लांब नाहीत. पत्रलेखक तिकडेच नोकरीस आहेत, व पुण्याच्या पेठेतील बिऱ्हाड मोडून दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब चांद्यास राहावयास गेले आहेत. त्यांच्या मातोश्री शाळेत मराठी शिकवीत असत. येत्या चैत्रात त्यांस पंच्याहत्तर वर्षे पुरी होतात, आणि त्या निमित्ताने त्यांस माफक किमतीचा एखादा संगणक द्यावा असे चिरंजिवांच्या मनात आहे. कोणता घ्यावा, इतकाच त्यांचा प्रश्न. परंतु पत्राच्या अखेरीस, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे : आईजवळ आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चार वह्या आहेत, शाई फिकी होत चालली आहे, आणि त्या उतरून काढण्याची तिची फार इच्छा आहे.

आमच्या मते खरा प्रश्न ह्या शेवटच्या वाक्यात आहे, व उत्तरही तेथूनच निघाले पाहिजे.

आईवडिलांसाठी यंत्र घ्यावयाचे म्हणजे लहानसे, स्वस्तसे पुरे, अशी आपल्या घरांतून एक समजूत आहे. त्यांना असे कितीसे काम असणार, असा तिच्यामागील विचार. ह्या चुकीचे प्रायश्चित्त आम्हीही घेतले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या तीर्थरूपांस हातात मावणारी एक स्वस्त पाटी आणून दिली. अक्षरे बारीक, बोट लावावे एकीकडे आणि उघडावे दुसरेच. तीर्थरूप चार दिवस तीवर वाकून बसले व पाचव्या दिवशी "छान आहे हो" म्हणून त्यांनी ती कपाटात ठेविली. आमच्या मातोश्रींनी तीस क्रोशाचे झाकणही विणले. ते झाकण पुढे कधी निघालेच नाही. केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी पुढे आणलेल्या 'आकाश' टॅब्लेटची कथा वाचकांस आठवत असेल. सरकारास ती २,२७६ रुपयांस पडत होती. पण पडदा अवघा ७ इंचांचा, तोही जोराने दाबावा तेव्हा दाद देणारा, आणि रॅम २५६ एमबी. तरुण मुलांनीही जिच्याविषयी कुरकुर केली, तसली वस्तू पंच्याहत्तरीच्या बोटांखाली कशी चालावी?

तेव्हा पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हे आधी ठरवावे. यंत्राच्या वेगात वाचविता येईल. ओव्या लिहिण्यास फार वेग लागत नाही. डोळा आणि हात ह्यांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. पडदा २२ ते २४ इंचांचा असावा, व अक्षरे वहीतल्यापेक्षा मोठी करून ठेवावीत. नुसता लॅपटॉप घेतल्यास पडदा लहान पडतो आणि मानही खाली जाते. उलट टेबलावरचा संगणक घेतला, तर मुळशीच्या पावसात वीज गेली की लिहिता लिहिता सर्व बंद पडते. म्हणून आम्ही असे सुचवू की, लॅपटॉप घ्यावा आणि त्यास वेगळा मोठा पडदा व वेगळा कळफलक जोडावा. वीज गेली तर मोठा पडदा विझेल, पण लिहिलेले लॅपटॉपच्या बॅटरीवर शाबूत राहील.

लॅपटॉप नवाच पाहिजे असे नाही. मोठी कार्यालये काही वर्षांनी आपली यंत्रे बदलतात, आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीस येतात. अशा यंत्रात ८ जीबी रॅम व एसएसडी आहे ना, बॅटरी किती टिकते, आणि दुकानदार पक्के बिल व हमी देतो का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि साधारणतः २०१८ च्या पूर्वीची बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ह्याच कारणाने घरात पडलेला आपला जुना लॅपटॉप पुसून आईस देण्याचा मोह आवरावा. त्यात लिनक्स घालून तो चालविता येतो हे खरे. पण पंच्याहत्तरीची भेट म्हणून मुलाने टाकलेली वस्तू आईच्या हाती यावी, हे आम्हांस रुचत नाही.

आता कळफलक. चिरंजीव बहुधा रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची युक्ती आईस शिकवू पाहतील, कारण त्यांच्या स्वतःच्या बोटांना तीच सवय असणार. तसे करू नये. जिने आयुष्यभर वर्णमाला शिकविली, तिने 'ळ' लिहिण्यासाठी आधी इंग्रजीचा विचार का करावा? इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी केंद्र सरकारने १९८६ मध्येच ठरविली, आणि पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांचे काम पुढे नेले. विंडोजमध्ये ही मांडणी मुळातच असते. वेगळा पैसा पडत नाही. हिची रचना मातोश्री पाहतील तर हसतील. स्वर डाव्या हातास, व्यंजने उजव्या हातास. क जेथे आहे तेथेच शिफ्ट दाबून ख, आणि वरच्या ओळीत ग व घ. त-थ मधल्या ओळीत, द-ध त्यांच्या वर. प-फ मधल्या ओळीत, ब-भ वर. अर्थात अल्पप्राण-महाप्राण एका कळीवर, अघोष मधल्या ओळीत व घोष तिच्या वर. व्याकरणाच्या तासाला फळ्यावर काढलेला तक्ताच जणू कोणी कळींवर बसविला आहे! देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या लावून घ्याव्यात. बोलून लिहविण्याचीही सोय आहे. पण ओवीतील जुने शब्द यंत्र आपल्या मनाने सुधारून टाकते, आणि तेच तर जपावयाचे आहेत.

लेखन युनिकोडमध्येच होईल ह्याकडे लक्ष द्यावे. जुन्या फाँटांत लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर उघडले की निव्वळ खिचडी दिसते. प्रत्येक वहीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, व पानांची छायाचित्रे आजच काढावीत. शाई चैत्राची वाट पाहणार नाही.

पत्रात दुसरी एक विचारणा आहे : आईचे पासवर्ड आपणाकडे ठेवावे काय? फसवणुकीचे भय आम्हांसही आहे. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० ह्या क्रमांकावर कळवावे, हे त्यांस निश्चून सांगावे. नवे काही यंत्रात घालण्याचा अधिकार निराळ्या खात्यास ठेवून रोजचे खाते साधे ठेवावे, म्हणजे बरेचसे भागते. परंतु पासवर्ड आईचा आईकडेच राहू द्यावा. सबंध घराच्या किल्ल्या ज्यांनी कमरेस वागविल्या, त्यांस स्वतःची वही उघडण्यासाठी मुलगा हिंजवडीहून परत येईपर्यंत थांबावे लागू नये.

यंत्र वाढदिवसाच्या महिनाभर आधी आणावे, सर्व जोडून पाहावे, मग बांधून ठेवावे. आणि पहिली ओवी चिरंजिवांनी नमुन्यादाखल टंकून ठेवू नये. ती आईनेच लिहावी, कितीही वेळ लागो.