संगणकावरील धडे व अक्षरांची शिस्त



गेल्या वर्षीं सातवीच्या वर्गासाठीं आम्हीं भूगोलाचा एक धडा संगणकावर तयार केला. धड्याच्या शेवटीं रिकाम्या जागा भरावयाचे दहा प्रश्न होते, व उत्तर बरोबर कीं चूक याचा निवाडा यंत्रानेंच करावयाचा होता. 'आपल्या जिल्ह्यास बहुतेक पाऊस नैर्ऋत्य मोसमी ...... मिळतो' हा त्यांतील एक प्रश्न. पूर्णा तालुक्यांतील एका खेड्यांतून येणाऱ्या मुलीनें वडिलांच्या मोबाइलवर 'वाऱ्यांपासून' असें उत्तर लिहिलें. यंत्रानें शून्य गुण दिला. दुसऱ्या दिवशीं तिनें वर्गांत तक्रार केली, तेव्हां तिचें उत्तर न पाहतांच 'शुद्धलेखन चुकलें असेल' असें म्हणून आम्हीं तिला खालीं बसविलें. चौथ्या दिवशीं तिचे वडील कापसाची वेचणी टाकून शाळेंत आले. "गुरुजी, पोरीनं लिव्हलेलं अन् तुमच्या पुस्तकातलं सारखंच दिसतंय. मग मार्क कामून नाही?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर शोधण्यास दोन रात्री लागल्या. 'वाऱ्या' यांतील अर्धा र संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो. एका रीतींत ऱ हें निराळें अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरींत साध्या र चा पाय मोडून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही बहुधा तंतोतंत सारखे उमटतात. परंतु यंत्र अक्षराचें रूप पाहत नाहीं, तें अक्षरामागचा क्रमांक पाहतें. क्रमांक निराळा म्हणून शब्द निराळा, असा त्याचा हिशेब. आम्हीं अचूक उत्तर म्हणून एका रीतीनें नोंद केली होती, मुलीच्या मोबाइलच्या कळफलकानें तोच शब्द दुसऱ्या रीतीनें लिहिला. मुलीचें उत्तर बरोबर होतें. चूक आमची होती, आणि ती करून आम्ही यंत्राच्या आड उभे राहिलों होतों.

असल्या धड्यांचा प्रसार आतां थोडाथोडका नाहीं. केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'दीक्षा' हें व्यासपीठ सुरू केलें. पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे चौकोन आले. आणि मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं तेव्हां ज्यांनीं कधीं टंकलेखनही केलें नव्हतें अशा शिक्षकांवर धडे संगणकांत बसविण्याची वेळ आली. आम्ही त्यांतलेच. त्या दिवसांत ज्याला जसें जमलें तसें त्यानें केलें, त्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु त्या घाईंत केलेले धडे पुढेंही वर्षानुवर्षें जसेच्या तसे मुलांपुढें ठेवावे, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

असा एखादा धडा उघडून पाहावा. मथळा जाड, त्याखालचा परिच्छेद बारीक, त्यांतलें एक वाक्य मध्येंच मोठें व निळें. आकडे कोठें मराठी तर कोठें इंग्रजी. एका पानावर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे, पुढच्या पानावर तेच हिंदी वळणाचे, जरी महाराष्ट्र शासनानें २००९ सालच्या निर्णयानें मराठीसाठीं अक्षरांचीं वळणें ठरवून दिलीं आहेत. आजीच्या वाकळेला ठिगळें शोभतात. धड्याचें तसें नाहीं. मूल मोठ्या अक्षरांतलें वाक्य महत्त्वाचें समजतें व तेवढेंच पाठ करतें. आमच्याच वर्गांत असें झालें आहे, आणि तें वाक्य मोठें दिसत होतें तें केवळ आम्हीं तें दुसरीकडून उचलून चिकटविलें होतें म्हणून.

ही विषमता येते कोठून, हें पालकांनींही जाणून घ्यावें, कारण पुष्कळ घरीं मुलांचे प्रकल्प आतां संगणकावरच होतात. पहिलें व सर्वांत मोठें कारण चिकटविण्याचें. वर्डच्या कागदांतून, पीडीएफमधून किंवा एखाद्या निरोपांतून मजकूर उचलून धड्यांत पेस्ट केला कीं शब्दांबरोबर त्यांचा आकार, रंग, फॉन्ट व ओळींमधील अंतर हींही न दिसतां आंत येतात. पाहुणा आपलें बिऱ्हाड घेऊन आला, असें समजावें. यावर उपाय अगदीं सोपा आहे: मजकूर 'नुसता मजकूर' म्हणून चिकटवावा. कंट्रोल, शिफ्ट व व्ही या तीन कळा एकत्र दाबल्या कीं बहुतेक ठिकाणीं हें साधतें. न साधल्यास मजकूर आधीं नोटपॅडमध्यें टाकून तेथून उचलावा, म्हणजे त्याचीं सगळीं वस्त्रें गळून पडतात.

दुसरें कारण असें कीं निवडलेल्या फॉन्टमध्यें कित्येक वेळां देवनागरी अक्षरेंच नसतात. शिक्षक इंग्रजी फॉन्टचें नांव निवडतो. यंत्रास त्यांत 'क' सांपडत नाहीं. तें मुकाट्यानें दुसऱ्याच फॉन्टमधून 'क' आणून बसवितें. घरच्या लॅपटॉपवर एक फॉन्ट येतो, शाळेच्या संगणकावर दुसरा, मुलाच्या मोबाइलवर तिसरा. म्हणून ज्यांत मराठी व रोमन दोन्ही अक्षरें एका हातानें घडविलेलीं आहेत असा एकच फॉन्ट घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा 'मुक्त' किंवा गुगलचा 'नोटो सान्स देवनागरी' हे विनामूल्य मिळतात व दोन्ही चांगले आहेत.

तिसरें कारण जुन्या फॉन्टचें. युनिकोडमध्यें देवनागरीस १९९१ सालींच स्थान मिळालें, तरी आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षें असे फॉन्ट चालले कीं ज्यांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागीं बसविलेलें असे. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. शाळांच्या कपाटांत असल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या सीड्या पडून आहेत. त्यांतला मजकूर नव्या धड्यांत घ्यावयाचा तर रूपांतर करावें लागतें, आणि रूपांतरानंतर तो डोळ्यांनीं वाचावा लागतो. रफार, वेलांटी व जोडाक्षरें हटकून इकडची तिकडे होतात. हें वाचन कोणतेंही यंत्र आपल्यासाठीं करून देणार नाहीं असें धरूनच चालावें.

येथवर प्रतिबंध झाला. परंतु जे धडे आधींच बिघडलेले आहेत त्यांचें काय? आमचे सहकारी ओळीओळींत जाऊन एकेक शब्द लहानमोठा करीत बसतात. आम्हीही तसें पुष्कळ दिवस केलें. तें व्यर्थ आहे. झाडाचें पान पिवळें पडलें म्हणून त्यास हिरवा रंग देण्यासारखें तें आहे. आधीं सर्व मजकूर निवडून त्यावरील सारें सजावटीचें ओझें उतरवावें, ज्यासाठीं बहुतेक साधनांत एक बटण असतें. मग मथळा, उपमथळा, परिच्छेद व टीप यांचीं रूपें धड्याच्या मुळाशीं एकदांच ठरवावीं, आणि प्रत्येक मजकुरास 'तूं मथळा', 'तूं परिच्छेद' असें सांगत जावें. यालाच स्टाइल म्हणतात. पुढें मथळे लहान वाटले तर एका ठिकाणीं बदल करावा, चाळीसही धड्यांचें एक मूळ असेल तर चाळीसही बदलतात.

मात्र ओझें उतरवितांना एक सावधगिरी ठेवावी. सफाईचें कांहीं साधन वर सांगितलेलें तें अदृश्य जोडचिन्हही कचरा समजून काढून टाकतें. मग अर्ध्या र चा रफार होतो, व 'सह्याद्रीच्या दऱ्या' या शब्दांच्या जागीं 'सह्याद्रीच्या दर्या' असें येतें. दऱ्यांचा समुद्र झाला! आमच्या धड्यांत हें घडलें तेव्हां एका विद्यार्थ्यानें, विनोदानें नव्हे तर खरोखरीच, पूर्वीं तेथें समुद्र होता काय असें विचारलें. म्हणून ऱ हें निराळें अक्षर घेऊन लिहिण्याची रीति आम्ही पसंत करतों. तींत काढून टाकण्यासारखें कांहीं नसतें. आणि ज्या प्रश्नांचीं उत्तरें यंत्र तपासणार आहे, तेथें उत्तराचीं दोन्ही रूपें ग्राह्य म्हणून नोंदवावीं. मराठी आकडा व इंग्रजी आकडा हेही दोन्ही. मूडलसारख्या साधनांत एका प्रश्नास अनेक ग्राह्य उत्तरें देतां येतात.

अक्षरांची ही काळजी आपल्या भाषेस नवी नाहीं, आणि तींत मिशनच्या छापखान्यांचा वाटा मोठा आहे हें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास १८०५ सालीं छापलें गेलें. पुढें मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं मराठी अक्षरांचे सुबक खिळे पाडले. त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, व आपल्या शास्त्रीपंडितांचे संस्कृत ग्रंथ छापले. विद्या कोणत्या दारानें येते व कोणाच्या घरीं दिवा लावते, याचा नियम नाहीं. केडगांवास पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेल्या बायबलाच्या भाषांतराचे खिळे मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं जुळविले. बाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत मुद्रितें तपाशीत होत्या. १९२२ सालीं त्या वारल्या व ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

त्या काळीं एका ओळींत निराळ्या मापाचा खिळा घालूं म्हटलें तर ओळ घट्ट बसतच नसे. शिशानेंच शिस्त लावलेली होती. आतां शिसें गेलें, वाटेल तें माप वाटेल तेथें बसतें, आणि म्हणून जी शिस्त पूर्वीं धातूंत होती ती शिक्षकाच्या अंगीं असावी लागते.

आपल्या जिल्ह्यांतील वृद्धांस आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास मराठी अक्षरांत शिकण्याचा हक्क येथें उशिरां मिळाला. त्या अक्षरांकडे निष्काळजीपणानें पाहणें निदान आम्हां मराठवाड्यांतील शिक्षकांस तरी शोभणारें नाहीं.

यावर आमचे एक वडील सहकारी म्हणतात, मजकूर बरोबर असला म्हणजे झालें, फळ्यावरचें अक्षर तरी कोठें एकसारखें असतें? त्यांचें फळ्यावरचें अक्षर मोत्यासारखें आहे, ही गोष्ट ते विसरतात. परंतु प्रश्न खरा आहे व त्यास उत्तर दिलें पाहिजे. फळ्याजवळ शिक्षक उभा असतो. मुलानें चुकीचें वाचलें तर तो तेथल्या तेथें सांगतो. मोबाइलवरचा धडा मूल रात्रीं एकटेंच वाचतें. त्यावेळीं अक्षर हाच शिक्षक. शिवाय ज्या मुलाची दृष्टि अधू आहे तें पडद्यावरील अक्षर मोठें करून वाचतें. परंतु कोणीं एखादें वाक्य ठराविक मापांत खिळवून ठेवलें असेल तर कित्येकदां तें वाढत नाहीं, किंवा पडद्याबाहेर जातें. जें मूल अंध आहे त्यास संगणक धडा वाचून दाखवितो. मथळा स्टाइलनें मथळा म्हणून नोंदविलेला असेल तर तें मूल मथळ्यावरून मथळ्यावर जाऊं शकतें. नुसतींच जाड केलेलीं अक्षरें त्यास मथळा वाटत नाहींत, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर तर त्याच्या कानीं निव्वळ इंग्रजी बडबड होऊन पडतो. त्या मुलापुरता तो मजकूर बरोबर आहे, असें कोण म्हणेल?

सर्व धडे एकाच गणवेशांत उभे करावे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कवितेच्या पानानें कवितेसारखें दिसावें, चित्रांच्या पानावर रंग असावे. रंग व आकार यांस अर्थ असावा, एवढीच आमची मागणी. लाल रंग एका पानावर इशारा व दुसऱ्या पानावर शोभा, असें झालें कीं मूल तिसऱ्या पानावर त्याच्याकडे पाहतच नाहीं.

पालकांस आमची विनंति अशी कीं मुलगा किंवा मुलगी 'माझें उत्तर बरोबर होतें' असें म्हणेल तेव्हां तें शाळेंत येऊन सांगण्यास संकोचूं नये. कापसाची वेचणी सोडून यावें लागूं नये म्हणून दूरध्वनीनें कळविलें तरी चालेल. आम्हीं त्या गृहस्थांची व त्यांच्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली, गुण नोंदवहींत दुरुस्त केला, आणि त्याच प्रश्नावर आणखी अकरा मुलांचे गुण गेलेले होते तेही परत दिले. त्या अकरांपैकीं एकानेंही तक्रार केली नव्हती. दिवाळीच्या सुटींत भूगोलाचे सर्व धडे नव्या साच्यांत बसविले. तपासण्याचें काम त्याच मुलीस दिलें होतें. चौथ्या धड्यांत एके ठिकाणीं 'दुसऱ्या' या शब्दावर अजून रफार राहिला आहे, असें तिनें परवांच कळविलें आहे.