मीटर कोणाचंही असो, गरिबाचं गाऱ्हाणं ऐकणार कोण?

सावरगाव, जि. पांढुर्णा | विश्लेषण

संत्र्याच्या तोड्यावर मजुरीला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या एका बाईनं परवा मला रस्त्यात थांबवलं. म्हणाली, "भाऊ, नवीन मीटरमध्ये पैसे संपले का लाईट आपोआप बंद होते म्हणतात. आमाले मजुरी तं हप्त्यानं भेटते. मंगळवारी पैसे संपले तं बाजाराच्या दिवसालोक अंधारात राहाचं काय?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी नियम काढून बसलो. दोन दिवस वाचल्यावर लक्षात आलं की आपण सगळे भलत्याच गोष्टीवर भांडतो आहोत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार होते. इकडून सावरगाव, तिकडून पांढुर्णा आणि मधल्या पाण्यात पळसाचा झेंडा. खाजगीकरणाचा वादही असाच चालतो. एक बाजू म्हणते कंपनी लुटते, दुसरी म्हणते सरकारी माणूस कामच करत नाही. गोटे दोन्हीकडून येतात आणि मधला झेंडा तसाच राहून जातो. तो झेंडा म्हणजे साधा प्रश्न आहे: बिल चुकलं, पुरवठा तुटला, तर गरीब माणसानं कोणाकडे जायचं आणि त्याचं ऐकायला तो माणूस कायद्यानं बांधलेला आहे का?

खाजगी हात आपल्या दारापर्यंत

आपली वीज कंपनी अजून सरकारी आहे. मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, मुख्यालय जबलपूर. पण २०२१ मध्ये केंद्रानं वीज वितरण सुधारणेची मोठी योजना आणली. तिच्यात स्मार्ट मीटर विकत घेणं, बसवणं आणि पुढची काही वर्षं चालवणं हे काम खाजगी कंपन्यांना कंत्राटानं द्यायचं ठरलं. अशा कंपनीला वीज कंपनीकडून दर मीटरमागे दर महिन्याला पैसे मिळतात. गावच्या नळाचंही तेच. जल निगमच्या समूह योजनांमध्ये बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच दहा वर्षांची देखभाल असते. म्हणजे पाटी सरकारची आणि हात कंपनीचा. तक्रार घेऊन गेलं की पाटीवाला हाताकडे बोट दाखवतो आणि हात पाटीकडे.

नागपूरनं काय शिकवलं

आपला बाजार नागपूर, दवाखाना नागपूर. खाजगीकरणाचे दोन मोठे प्रयोगही तिथंच झाले.

पहिला विजेचा. १ मे २०११ पासून महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाईन्स हे तीन विभाग महावितरणनं स्पॅन्को कंपनीला फ्रँचायझीवर दिले. पुढे ती एस्सेल समूहाकडे गेली आणि एसएनडीएल या नावानं ओळखली जाऊ लागली. करार १५ वर्षांचा होता. वीजगळती कमी झाली हे मान्य करावं लागेल. पण मीटर जोरात फिरतात, बिलं वाढून येतात, अशा तक्रारींवरून शहर कायम पेटलेलं राहिलं. शेवटी पैशाची अडचण आली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणला कारभार परत हाती घ्यावा लागला. तेव्हा नागपूर अंधारात गेलं नाही, कारण वितरणाचा परवाना महावितरणकडेच होता आणि दर वीज नियामक आयोग ठरवत होता. कंपनी गेली, नियम जागेवर राहिले. यातून घ्यायचा धडा तोच आहे.

दुसरा प्रयोग पाण्याचा. २०१२ मध्ये नागपूर महापालिकेचा ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीशी २५ वर्षांचा करार सुरू झाला. पाच वर्षांत सगळ्या शहराला २४ तास पाणी द्यायचं ठरलं होतं. दहा वर्षं उलटून गेल्यावरही बऱ्याच वस्त्यांत ते पोचलेलं नव्हतं. इथं दर महापालिका ठरवते, देखरेख महापालिकेचीच एक कंपनी करते आणि करारावर सहीही महापालिकेचीच. ग्राहक आणि महापालिका यांच्यात वाद झाला तर दोघांच्या वर बसलेला वीज आयोगासारखा तिसरा कोणी नाही. महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यानं आलं, पण ते धरणातल्या ठोक पाण्याचे दर ठरवतं. घरच्या नळाचं बिल त्याच्याकडे जात नाही.

खंडव्याची अट

आपल्याच राज्यातलं उदाहरण खंडव्याचं आहे. नर्मदेचं पाणी ५० किलोमीटरवरून शहरात आणायची योजना विश्वा इन्फ्रास्ट्रक्चर्स या हैदराबादच्या कंपनीला दिली. बहुतांश पैसा सरकारी अनुदानाचा होता, वसुलीचा हक्क मात्र कंपनीला २३ वर्षं. बडवानीच्या मंथन अध्ययन केंद्रानं करार वाचून काढला, तेव्हा त्यात समांतर पाणीव्यवस्था चालू ठेवता येणार नाही अशा अर्थाची अट सापडली. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनीचा नळ आला की वस्तीतल्या सार्वजनिक नळावर गदा. लोकांनी हजारोंच्या संख्येनं लेखी हरकती दिल्या आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

अशीच ठिणगी बोलिव्हिया देशातल्या कोचाबांबा शहरात पडली होती. पाणी परदेशी भागीदारी असलेल्या कंपनीकडे गेलं, दर एकदम वाढले आणि लोकांनी स्वतः खोदलेल्या विहिरीही कंपनीच्या हक्काखाली येतील अशी भीती पसरली. एप्रिल २००० मध्ये जनआंदोलनापुढे सरकारला करार रद्द करावा लागला. दोन्हीकडे लोक रस्त्यावर आले ते करार झाल्यावर, कारण सही होईपर्यंत कागद कोणी दाखवलाच नव्हता.

विजेत कायदा आहे, पण एक वाक्य वाचा

विजेच्या बाबतीत आपण इतके उघड्यावर नाही. २००३ चा वीज कायदा आहे, भोपाळला राज्य वीज नियामक आयोग आहे, तक्रार निवारण फोरम आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज कापता येत नाही. गरीब घरासाठी हे १५ दिवस फार मोठे असतात. तेवढ्यात उसनवारी होते, हप्ता मागता येतो, बिल चूक असेल तर अर्ज करता येतो.

आता २०२० चे केंद्राचे ग्राहक हक्क नियम पाहा. त्यांत लिहिलं आहे की प्रीपेड मीटरमधली रक्कम संपली की पुरवठा आपोआप बंद होईल, पण ही गोष्ट वीज तोडणं मानली जाणार नाही. रिचार्ज केला की पुन्हा सुरू.

हे वाक्य दोनदा वाचावं असं आहे. अंधार तोच, पण कागदावर वीज "तुटली" नाही. तुटली नाही म्हणून नोटीस नाही आणि नोटीस नाही म्हणून ते १५ दिवसही नाहीत. गल्लीतल्या त्या बाईची शंका अगदी बरोबर होती. ज्या दिवशी तिचं मीटर प्रीपेड होईल, त्या दिवशी कायद्यानं दिलेली तिची सगळ्यात मोठी ढाल गळून पडेल.

यावर उपाय नाही असंही नाही. खाजगीकरणाचं माहेरघर म्हणजे ब्रिटन. तिथं विजेच्या प्रीपेड ग्राहकाला पैसे संपल्यावर थोडी उधारी मिळते आणि रात्री किंवा सुटीच्या दिवशी पुरवठा बंद होत नाही. पाणी त्यांनी १९८९ मध्ये खाजगी केलं आणि दहाच वर्षांत, १९९९ मध्ये, घरगुती ग्राहकाचं पाणी थकबाकीसाठी तोडायला कायद्यानंच बंदी घातली. त्या बंदीनं तिथल्या पाणी कंपन्या काही बुडाल्या नाहीत. जे तिथं चालतं ते इथं का चालू नये?

१५० युनिटची कडा

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून थोडा हिशेब मांडतो. आपल्या राज्यात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. ही योजना इंदिरा गृह ज्योती म्हणून कमलनाथांच्या काळात गाजली, आता नाव अटल गृह ज्योती आहे. १५० च्या पुढे गेलं की सवलत पूर्ण जाते.

दोन पंखे, तीन बल्ब, टीव्ही आणि एक जुना फ्रिज धरला तर रोज तीन युनिट, महिन्याला ९०. मे महिन्यात २०० वॅटचा कूलर दहा तास चालवला की रोज दोन युनिट वाढले, महिन्याला ६०. एकूण बरोबर १५०. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर लावणारं गरीब घर अगदी कडेवर उभं असतं. अशा वेळी मीटर अचूक आहे का, रीडिंग ३० दिवसांचं धरलं की ३५ दिवसांचं, हे प्रश्न त्या घरासाठी शेकडो रुपयांचे असतात. बिल आलं की आधी दिवस मोजा.

मीटरवर शंका असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनं एक हक्क मिळाला आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर वीज कंपनीनं पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायचं आणि ते किमान तीन महिने ठेवायचं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. चोरी होते, थकबाकी राहते, आणि तारा, ट्रान्सफॉर्मर फुकट येत नाहीत. गरिबाला स्वस्त वीज द्यायची तर फरकाचे पैसे सरकारनं वीज कंपनीला आगाऊ द्यावेत असं कलम ६५ सांगतं. ते वेळेवर मिळाले नाहीत की वसुलीचा सगळा जोर छोट्या ग्राहकावर येतो. गरिबाची सवलत ही कंपनीची मेहेरबानी नाही, ते सरकारचं देणं आहे.

आता मागायचं काय

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. कलेक्टर इथं आले, पण वीज ग्राहकाचा फोरम अजून जबलपूरला आणि लोकपाल भोपाळला. दोनशे रुपयांच्या चुकीच्या बिलासाठी कोण दिवसाची मजुरी मोडून तिकडे जाईल? फोरमची बैठक दर तीन महिन्यांनी पांढुर्ण्यात किंवा सौंसरला व्हावी, ही पहिली मागणी.

दुसरी मागणी आयोगाकडे. सवलतीच्या घरांना प्रीपेडची सक्ती नको. प्रीपेड केलंच तर १५ दिवसांची उधारी हवी, आणि रात्री व सुटीला पुरवठा बंद नको.

तिसरी मागणी नगरपालिकेकडे आणि ग्रामपंचायतींकडे. पाण्याचा कोणताही करार सहीआधी हिंदीत आणि मराठीत भिंतीवर लावा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अशी माहिती स्वतःहून उघड करायला सांगतंच. सार्वजनिक नळ बंद करणारी अट नसावी आणि तक्रार ऐकणारा माणूस करारावर सही करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. उन्हाळ्यात नळाची वाट पाहत हंडे घेऊन कोण उभं राहतं हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्यासाठी पाण्यात आज फोरम नाही, लोकपाल नाही, १५ दिवसही नाहीत.

वीज दर वाढवायचे असले की आयोग हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. हरकत साध्या कागदावर, आपल्या शब्दांत लिहिता येते. त्या बाईला मी एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी तुझा प्रश्न आपण लिहून पाठवू. ती म्हणाली, "पाठवा भाऊ, पण उत्तर आलं का मले वाचून दाखवजा."