जोडणी सांगा, मगच माल विका

'सगळ्याला चालतो' असे सांगून प्लेस्टेशनचा हेडसेट किंवा कॅमेरा गळ्यात मारणे हा सौदा नव्हे. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ च्या कॅमेऱ्याची पिन २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये थेट बसत नाही, अडॅप्टर लागतो. साधा ब्लूटूथ हेडसेट तर दोन्हींशी थेट जुळतच नाही. (डब्यावर कितीही चित्रे असोत!) साडेतीन मिलिमीटर पिनेचा, माईकवाला वायरचा हेडसेट मात्र दोन्हींच्या कंट्रोलरमध्ये बसतो. हिंगोलीच्या दुकानदार बांधवांनी गिऱ्हाइकाला आधी यंत्र कोणते ते विचारावे, बिलावर मॉडेल लिहावे. मालाचा ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे. आणि सेनगाव-औंढ्याच्या गिऱ्हाइकाने माल बदलायला पुन्हा बसभाडे का भरावे?