विमानातून उतरलात ना? आता गाडीने या

आमच्या मोहल्ल्यात एक न लिहिलेला कायदा आहे. कॅनडा, अमेरिका, इंग्लंडहून येणारा माणूस मुंबईला उतरला की पुढे औरंगाबादलाही त्याने विमानानेच यायचं. चिकलठाण्याच्या विमानतळावर हार घेऊन उभं राहायचं, फोटो काढायचे, संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या स्टेटसवर लागले पाहिजेत. कुणी रेल्वेने आलाच तर लोक कुजबुजतात, "इतक्या लांबून आला आणि स्टेशनवर उतरला? नोकरी तर गेली नाही ना?"

या कायद्याच्या विरोधात मी आज लिहितो आहे. आधी कबुली देतो, की मीही तो पाळला होता आणि त्याची किंमत माझ्या बहिणीने मोजली.

2022 च्या डिसेंबरात अब्बांची बायपास ठरली. धाकटी बहीण टोरांटोहून दोन लेकरांना घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अब्बांना आत नेणार होते, त्याआधी तिला त्यांना एकदा भेटायचं होतं. तिची मुंबईपर्यंतची तिकिटं तिने काढली, पुढची मी. विमान दुपारी बाराच्या सुमारास उतरणार होतं. मी संध्याकाळच्या औरंगाबादच्या विमानाची वेगळी तिकिटं काढली. मध्ये पाच तास होते, म्हणजे भरपूर वेळ आहे असं मला वाटलं. बायकोने विचारलं होतं, "रात्रीची देवगिरी का नाही?" मी म्हणालो, "वीस तास प्रवास करून येणाऱ्या बाईला आणखी रात्रभर रेल्वेत कशाला कोंबायचं?" खरं सांगतो, मनात ते हारवाले लोकही होते.

मधल्या विमानतळावरच विमान साडेतीन तास रखडलं. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग सामानाचा पट्टा, मग कस्टम. ती बाहेर आली तेव्हा पुढच्या विमानाचं काउंटर बंद झालं होतं. तिथल्या मुलाने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं आधीचं विमान दुसऱ्या कंपनीचं, तिकीट वेगळं. आम्ही काही करू शकत नाही." पैसे गेले. नव्या तिकिटांना दुप्पट पैसे पडले आणि तीही दुसऱ्या दिवशी सकाळची. दोन लहान मुलांसह तिला रात्री अनोळखी गाडीने साडेतीनशे किलोमीटर पाठवायची माझी हिंमत झाली नाही. ती रात्र तिने विमानतळाजवळच्या खोलीत जागून काढली.

सकाळी स्ट्रेचरवर अब्बांनी मला दोनदा विचारलं, "छोटी आई क्या?" ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. पुढचे काही तास ती ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून होती, माझ्याशी एक शब्द न बोलता. अब्बा सुखरूप बाहेर आले, अल्लाहचे आभार. पण ते आले नसते तर? त्या बाकावर बसून मी याचाच विचार करत होतो.

त्या दिवशी देवगिरी एक्स्प्रेस नेहमीप्रमाणे रात्री मुंबईहून सुटली आणि पहाटे औरंगाबादला पोहोचली. तिची तिकिटं आधी काढली असती तर साडेतीन तासांचा उशीर त्या गाडीने सहज पोटात घातला असता. बहीण फजरच्या सुमारास अब्बांच्या उशाशी असती.

आपली चूक इथे होते. आपण वेगाचा हिशेब करतो, उशिराचा करत नाही. नववीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर प्रश्न लिहिला, "मुंबई ते औरंगाबाद विमानाने किती वेळ?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "एक तास!" मग आम्ही बेरीज मांडली. परदेशी विमानातून उतरून सामानासह बाहेर यायला दीड-दोन तास. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर सहारहून सांताक्रूझपर्यंत रस्त्याने जाणं. देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी हजेरी, पुन्हा वजनकाटा, पुन्हा सुरक्षा तपासणी. मग तो एक तास, मग पुन्हा सामानाचा पट्टा, मग चिकलठाण्याहून घर. आणि आधीचं विमान उशिरा येईल म्हणून मध्ये ठेवलेले चार-पाच तास वेगळेच. बेरीज नऊ-दहा तासांवर गेली. रेल्वेचे सहा-सात तास आणि स्टेशनपर्यंतचा वेळ धरला तर फरक फारसा उरत नाही. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, मग ते एक तास फक्त तिकिटावरच असतात!" त्याला मी त्या दिवशी पैकीच्या पैकी गुण दिले.

सामानाचंही तेच आहे. कॅनडाहून येणाऱ्याला बहुधा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणता येतात. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर साधारण पंधरा किलो चालतात. वेगळं तिकीट असेल तर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजा. नातेवाइकांसाठी आणलेल्या चॉकलेटांना सोन्याचा भाव येतो. रेल्वेच्या टू-टायर एसीत माणशी पन्नास किलो फुकट नेता येतात. ते शेहेचाळीस किलो त्यात बसतात आणि वर चार किलोंची जागा उरते.

आणि शरीराचं काय? वीस तास खुर्चीत आखडलेल्या माणसाला आणखी एक खुर्ची नको असते. त्याला आडवं व्हायचं असतं. बर्थवर चादर ओढून झोपलं की माणूस माणसात येतो. आमच्या धर्माने मुसाफिराला नमाजमध्ये सवलत दिली, चार रकात फर्जच्या दोन केल्या, रमजानचा रोजा पुढे ढकलायची मुभा दिली, कारण प्रवास माणसाला थकवतो हे तिथे मान्य आहे. सवलत देत नाहीत ते फक्त नातेवाईक.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. रेल्वेत चोऱ्या होतात, संडास घाण असतात, गाडीही लेट होते. तिन्ही खरं आहे. बॅगेला साखळी-कुलूप लावा आणि पासपोर्ट अंगावर ठेवा. संडासाबाबत माझ्याकडे उत्तर नाही, रेल्वेकडे असायला हवं. पण गाडी दोन तास लेट झाली तरी तुम्ही तुमच्या बर्थवर असता, काउंटरवर हात जोडून उभे नसता.

विमान कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. नागपूर मुंबईहून आठशे किलोमीटरच्या पुढे आहे, तिथे विमानच घ्या. म्हातारं माणूस असेल, व्हीलचेअर लागत असेल, तर विमानतळावर ती सोय बरी मिळते. पण तेव्हा अट एकच ठेवा. टोरांटो ते नागपूर सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा. मग पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरं चुकलं तर पुढे पोहोचवणं ही कंपनीची जबाबदारी राहते. चार पैसे वाचवायला दोन तिकिटं काढली की ती जबाबदारी तुमच्या गळ्यात येते.

आता रेल्वेला दोन शब्द, कारण दोष फक्त मोहल्ल्याचा नाही. तपोवन, जनशताब्दी, वंदे भारत, नंदीग्राम, देवगिरी, दिवसभरात मराठवाड्याकडे इतक्या गाड्या आहेत. ऑक्टोबर 2025 पासून तर विमानतळावरून भुयारी मेट्रो थेट सीएसएमटीपर्यंत जाते. माझ्या बहिणीच्या वेळी हे नव्हतं. पण आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मागणीच्या दिवसांत बघता बघता संपतं. तत्काळ आदल्या दिवशी काढावं लागतं. विमान उशिरा आलं आणि ठरलेली गाडी गेली, तर पुढच्या गाडीत जागा उरली असेल तरच करंट बुकिंग मिळतं. वेटिंगवाल्याला आता आरक्षित डब्यात पाय ठेवता येत नाही. म्हणजे ज्याचं विमान उशिरा आलं त्याच्यासाठी रेल्वेकडे काहीच नाही.

हे कुठे होतच नाही असंही नाही. जर्मनीत फ्रँकफर्टच्या विमानतळाला 1999 पासून स्वतःचं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथे विमान आणि रेल्वेचं एकच तिकीट मिळतं, आणि विमान उशिरा आलं तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येतं. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ मागणारे आमदार-खासदार पुष्कळ आहेत. उतरलेल्या प्रवाशासाठी रात्रीच्या गाडीत दहा बर्थ राखून ठेवा, बोर्डिंग पास दाखवला की जागा द्या, अशी मागणी करणारा मला एकही दिसला नाही. या मागणीला जमीन लागत नाही आणि धावपट्टीही लागत नाही. विमानतळाच्या कोनशिलेवर नाव कोरता येतं, दहा बर्थवर कोरता येत नाही, एवढीच तिची अडचण असावी.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात आहे ते करू. तिकीट काढताना "किती लवकर पोहोचेन?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा, की "विमान चार तास उशिरा आलं तर माझं काय होईल?"

गेल्या वर्षी बहीण पुन्हा आली. या वेळी तिकिटं तिनेच काढली, देवगिरीची. पहाटे मी आणि अब्बा स्टेशनवर गेलो. स्टेशनच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, अब्बा अजून औरंगाबादच म्हणतात. गाडी पाऊण तास लेट होती. अब्बा बाकावर बसून चहा पीत राहिले, एकदाही विचारलं नाही, "छोटी आई क्या?" ती गाडीत आहे हे त्यांना माहीत होतं.